दोष दाबाचा नाही, उन्हाचा आहे

विमानाच्या पोटातील सामानकक्षात पुरेशी हवा नसते, म्हणून तेथे कुत्री दगावतात, हा समज चुकीचा आहे. तेथील दाब प्रवासी कक्षाइतकाच असतो. मोठा धोका जमिनीवर आहे: मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या काँक्रीटवर ताटकळणारा पिंजरा. कुत्रा धापा टाकून, बाष्पीभवनाने शरीर थंड ठेवतो. पगसारख्या आखूड नाकाच्या जातींना ते नीट साधत नाही. गुंगीचे औषध ती क्षमता आणखी घटवते. अमेरिकेत विमान कंपन्यांना प्राण्यांच्या मृत्यूंची माहिती २००५ पासून सरकारला द्यावी लागते. आपल्याकडे डीजीसीए सामानाविषयीच्या तक्रारी दरमहा मोजते. मग जिवांचीच मोजदाद का नको? मोजमापावाचून विज्ञान नाही आणि उत्तरदायित्वही नाही.