गिटारची खरखर आणि उपायांची घाई

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावणे ही एक नाजूक कला आहे. तेथे तारेने घोडीला हलकेच स्पर्श करणे हेच सौंदर्य, आणि मिरजेचे कारागीर त्यासाठी घोडी मोठ्या धीराने घासून जुळवितात. गिटारचे मात्र नेमके उलट आहे. तिची तार कंप पावताना पडद्याला लागली की उमटणारी खरखर हा निव्वळ दोष होय. या दोषावर जो इलाज सर्रास केला जातो, तो आम्हांस दोषाहूनही घातक वाटतो.

तो इलाज म्हणजे तारा उंच करणे. घोडीवरील पट्टीखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकविला की खरखर थांबते आणि सर्वांचे समाधान होते. परंतु उंच तार दाबण्यास जोर लागतो, नवशिक्याची बोटे सोलून निघतात आणि तार अधिक ताणली जाऊन सूरही चढतो. काही महिन्यांतच गिटार कपाटावर जाते व मुलाला गोडीच नाही असा निर्वाळा दिला जातो. वास्तविक चुकलेला असतो तो उपायांचा क्रम.

प्रथम हवेचा विचार करावा. लाकडी वाद्यास सुमारे 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. अश्दोदच्या दमट किनाऱ्यावर तबली फुगून तारा वर येतात. तीच गिटार बीरशेबा वा दिमोना येथे नेली, अथवा खमसीन वाऱ्यात उघडी राहिली, तर तबली आकसून खाली बसते आणि तारा पडद्यांना लागू लागतात. अशा वेळी वाद्य पेटीत ठेवून आत ओलाव्याची सोय करावी आणि काही दिवस वाट पाहावी.

त्यानंतर दांडी तपासावी. पहिला पडदा आणि दांडी जेथे पेटीस मिळते तेथील पडदा, अशा दोन ठिकाणी तार दाबून धरावी. मधल्या सहाव्या-सातव्या पडद्यावर 0.1 ते 0.3 मिलीमीटर, म्हणजे एक ते तीन कागदांच्या जाडीची फट दिसली पाहिजे. फट मुळीच नसेल आणि खरखर पहिल्या चार-पाच पडद्यांवर असेल, तर दांडीतील पोलादी सळई, म्हणजे ट्रस रॉड, अधिक आवळली गेली आहे असे समजावे. ती घड्याळाच्या उलट दिशेने एका वेळी अष्टमांश फेराच सैल करावी व पुन्हा मोजावे. सळई फिरत नसेल तर बळजबरी करू नये. नायलॉनच्या तारांच्या पुष्कळ गिटारींत ही सळई नसते, हेही ध्यानात असावे.

एवढे झाल्यावरच घोडीकडे वळावे. बाराव्या पडद्यावर पोलादी जाड तार सुमारे 2.5 मिलीमीटर व बारीक तार 1.8 मिलीमीटर उंच असणे सोयीचे. तेथे अर्धा मिलीमीटर वाढवावयाचा तर घोडीवरील पट्टी एक मिलीमीटर उचलावी लागते. फक्त मोकळी तारच खरखरत असेल, तर खुंट्यांकडील पट्टीची खाच खोल गेलेली असण्याचा संभव अधिक. एकाच जागी खरखर असेल, तर त्यापुढील पडदा वर आलेला असतो. ही दोन्ही कामे मात्र जाणत्या कारागिरावरच सोपवावीत.

प्रत्येक पालकाने पाना हाती घ्यावा असा आमचा आग्रह नाही. पण वाद्य दुरुस्तीस देताना ‘दांडी पाहिली का?’ एवढा प्रश्न अवश्य विचारावा. मुलाची गोडी किती आहे याची पारख त्याला वाजविण्याजोगे वाद्य मिळाल्यावरच करणे न्यायाचे ठरेल.