दाराबाहेरचे आणि दाराआतले

जबलपूर जिल्ह्यातील मझौली हे विष्णुवराहाच्या प्राचीन मंदिरामुळे ओळखले जाणारे गाव. तिथल्या किराणा दुकानदाराच्या हाती आज अँड्रॉइड फोन असतो आणि त्या फोनच्या पोटात लिनक्स चालते. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ते सुरू केले आणि जगाला मोकळे करून दिले. अशा मुक्त सॉफ्टवेअरचा मजकूर कोणीही वाचावा, चूक दिसली तर दुरुस्ती करून पाठवावी. मझौलीतल्या शाळकरी मुलालाही तो अधिकार आहे.

अधिकार पाठवण्याचा आहे. पाठवलेले कोणी उघडून पाहील, याची हमी मात्र नाही. रात्री जागून केलेली दुरुस्ती महिनोन्महिने पडून राहते. ‘नको’ असेही उत्तर येत नाही. मुलगी पाहून गेल्यावर नकार कळवण्याचे साधे सौजन्यही न दाखवणारा वरपक्ष ज्या घरांनी अनुभवला आहे, त्यांना ही तगमग समजावून सांगायला नको.

ऑस्ट्रेलियातील कॉन कोलिव्हास हे व्यवसायाने भूलतज्ज्ञ. घरगुती संगणक अडखळू नये म्हणून त्यांनी संगणकाचा वेळ निरनिराळ्या कामांत वाटून देणारा लिनक्सचा भाग फावल्या वेळात नव्याने लिहिला. वापरणाऱ्यांना तो आवडला. पण २००७ मध्ये आतल्या गोटातील जाणते इंगो मोल्नार यांनी त्याच धर्तीवर स्वतःचा भाग ६२ तासांत लिहिला आणि स्वीकारला गेला तो मोल्नार यांचा. कल्पनेचे श्रेय त्यांनी कोलिव्हास यांना उघडपणे दिले, हेही खरे. तरी डॉक्टरसाहेबांनी त्याच वर्षी हे काम सोडले.

इथवर ऐकले की राग दाराआतल्यांचा येतो. पण दाराआत बसलेले कोण असते? लिनक्ससारख्या मोठ्या पसाऱ्यात पगारी माणसे तरी असतात. बाकी बहुतेक ठिकाणी एखादाच माणूस, तोही नोकरी आटोपून, बिनपैशाने बसलेला. आलेली प्रत्येक दुरुस्ती त्याला ओळ न ओळ तपासावी लागते. ती बिघडली तर शिव्या पाठवणाऱ्याला नव्हे, त्याला पडतात. या फुकटच्या कामावर कोट्यवधी कमावणाऱ्या कंपन्या त्याची साधी विचारपूसही करत नाहीत.

‘एक्सझेड’ हे फाइली दाबून लहान करणारे साधन असेच. फिनलंडचे लासे कोलिन ते सांभाळत. २०२२ मध्ये त्यांना तक्रारीची पत्रे येऊ लागली: दुरुस्त्या वर्षानुवर्षे पडून आहेत, जमत नसेल तर काम दुसऱ्याकडे द्या. एका तक्रारदाराचे नाव चक्क जिगर कुमार असे भारतीय होते. कोलिन यांनी सरळ सांगितले की आपले मानसिक स्वास्थ्य बरेच दिवस ठीक नाही आणि हे काम बिनपगारी छंदाचे आहे. तरी पत्रे थांबली नाहीत. अखेर त्यांनी २०२१ पासून दुरुस्त्या पाठवणाऱ्या ‘जिया टॅन’ नावाच्या मदतनिसाला कामात वाटेकरी केले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच मदतनिसाने साधनात चोरदरवाजा बसवला. मायक्रोसॉफ्टमधील अभियंता आन्द्रेस फ्रॉइंड यांना संगणकात प्रवेश होताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढेच खटकले. ते खोदत गेले आणि २९ मार्चला बिंग फुटले. ती तळमळीची पत्रे आणि तो कामसू मदतनीस हा एकच बनाव होता, असे आता बहुतेक जाणकार मानतात. दुर्लक्षित माणसाची खरी वेदना इथे चोराने मुखवटा म्हणून घातली होती. त्यानंतर खऱ्या मदतनिसाकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले, तर नवल नाही.

चोरदरवाजा काढून टाकलेली स्वच्छ आवृत्ती मे २०२४ च्या अखेरीस निघाली. ती काढायला पुन्हा बसले ते लासे कोलिनच.