महासंगणकाशी बोलायचे कुठल्या भाषेत?

सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील ‘अर्का’ या ११.७७ पेटाफ्लॉप्सच्या महासंगणकाचे लोकार्पण झाले. वेगाच्या आकड्यांचे आपल्याला भारी कौतुक. त्या यंत्राला काम सांगायचे कोणत्या भाषेत, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक पैसा आणि वर्षे खर्ची पडतात ती तिथेच.

हल्ली बऱ्याच महासंगणकांत दोन जातींचे प्रोसेसर एकत्र नांदतात. माझी हयात बँकेत गेली, म्हणून उपमाही शाखेचीच सुचते. सीपीयू म्हणजे शाखाधिकारी. नाना तऱ्हेची कामे, प्रत्येक कागदावर निर्णय. जीपीयू म्हणजे हजारो कारकुनांचे दालन. एकच व्याज-आकारणी सगळ्यांनी आपापल्या खात्यावर एका दमात करायची. गंमत अशी, की खातेवह्या या दालनातून त्या दालनात न्यायलाच वेळ लागतो. शिपाई वाटेत आणि कारकून हात बांधून बसलेले. कोणते काम कोणाकडे, वही हलवायची केव्हा, हे प्रोग्रॅममध्ये लिहावे लागते. ते ज्याच्या-त्याच्या भाषेत सांगणारा दुभाषी म्हणजे कंपायलर. तो कच्चा निघाला, तर कोट्यवधींचे यंत्र बैलगाडीच्या गतीने चालते.

हे दुखणे नवे नाही. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ उभा केला, तो ट्रान्सप्युटर या ब्रिटिश चिपवर. तिच्यासाठी घडवलेली भाषा ओकॅम. ‘परम ८६००’ मध्ये तिच्या जोडीला इंटेलची आय-८६० आली. म्हणजे मिश्र संसार आपल्याकडे तेव्हापासूनचा. पुढे ट्रान्सप्युटर गेला, त्याच्या मागोमाग ओकॅमही. २०१३ च्या ‘परम युवा-२’ मध्ये झिऑन फाय हे सहप्रोसेसर होते. ते उत्पादनही इंटेलने गुंडाळले. यंत्र भंगारात जाणारच. पण त्याच्या अंगाला बेतून लिहिलेले प्रोग्रॅमही त्याच्याबरोबर जुने होतात, हे नुकसान कोणत्या ताळेबंदात दिसत नाही. आज जीपीयूसाठी सर्रास वापरली जाणारी कुडा ही २००७ पासूनची एनव्हिडिया या एकाच कंपनीची. सावकार एकच असला की व्याजाचा दर कोण ठरवतो, हे वाचकांना सांगायला नको.

आता आमच्या नाशिकचा संबंध. मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ने हवामानाच्या गणिताची जाळी १२ किलोमीटरवरून ६ वर आणली. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला तीही अपुरीच. गारपीट एका शिवारात होते आणि बांधापलीकडे ऊन असते. जाळी निम्मी केली की चौकटी चौपट होतात, वेळेचे टप्पेही दुप्पट. म्हणजे गणित सुमारे आठपट. जीपीयूचे कारकून इथे कामाचे. पण हवामानाचे प्रोग्रॅम प्रामुख्याने फोरट्रानमध्ये, लाखो ओळींचे. आणि फोरट्रान १९५७ ची. स्वित्झर्लंडच्या हवामान खात्याने काही वर्षे खपून आपल्या प्रोग्रॅमचा गाभा नव्याने लिहिला. सूत्र एकदाच मांडायचे, सीपीयूसाठी की जीपीयूसाठी ते कंपायलरने उतरवायचे. उरलेल्या फोरट्रानमध्ये सूचनांच्या ओळी पेरल्या. २०१६ पासून त्यांचा रोजचा अंदाज जीपीयूवर निघू लागला.

आपल्या राष्ट्रीय महासंगणक मोहिमेला २०१५ मध्ये ४,५०० कोटी मंजूर झाले. यंत्राची फीत कापता येते, कंपायलरची नाही. त्यामुळे कंपायलर लिहिणारी माणसे मागच्या रांगेत राहतात, असा माझा कयास आहे. यापुढच्या निविदेत एक रकाना असावा: यावरचे प्रोग्रॅम कोणत्या भाषेत, आणि पुढचे यंत्र आल्यावर ते बदलून देणार कोण? सातपूरच्या कारखानदाराचा नव्या लेथसाठी कर्जाचा अर्ज आला, की तो चालवणार कोण, हे आम्ही आधी विचारत असू.