बेसॉल्टवर घडलेल्या हातांना ग्रॅनाइट शिकवा

चौसाळ्याहून मांजरसुंब्याकडे जाताना बालाघाटाचे आडवे थर नजरेत भरतात. आपल्याकडचा प्रस्तरारोहक याच बेसॉल्टवर घडतो. टणक कातळाच्या मध्येच ठिसूळ पट्टा, वर माती नि गवत. प्रत्येक पकड ठोकून पाहायची सवय हा दगडच लावतो. ही सवय मोलाची आहे, पण हिमालयातल्या ग्रॅनाइटला ती पुरत नाही.

नेपाळ-तिबेट सीमेवरचे मकालू घ्या. उंची ८,४८५ मीटर, माथा ग्रॅनाइटचा. २०१४ मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आशिष माने तिथे पोहोचले. नेहमीच्या वाटेवर बर्फ पुष्कळ, तरी माथ्याकडे खडक लागतोच. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश, हातांत जाड मोजे, बुटांना क्रॅम्पॉन. अशा जागी नवे तंत्र शिकता येत नाही.

म्हणूनच मकालू पहिल्यांदा सर करणाऱ्या फ्रेंचांनी १९५४ च्या शरदात आधी पाहणी मोहीम नेली आणि मार्ग, साहित्य, ऑक्सिजनची उपकरणे त्याच पहाडावर तपासली. पुढच्या वर्षी १५ मे रोजी लिओनेल तेरे आणि जाँ कूझी माथ्यावर पोहोचले. नेते जाँ फ्रँको यांच्यासह उरलेले आरोहक पुढच्या दोन दिवसांत चढले. हे यश तयारीचे होते.

ग्रॅनाइटवर पकडी कमी, भेगा जास्त. भेगेत तळहात किंवा मूठ रोवून वर सरकावे लागते, गुळगुळीत उतरणीवर बुटाच्या तळव्यावर भरवसा ठेवावा लागतो. पकडी शोधत राहणाऱ्याचे हात लवकर भरून येतात. भक्कम भेगेत नट आणि कॅम ही दोर अडकवायची साधने नीट बसतात, काढूनही घेता येतात. पण ते बसवण्याची पारख सरावानेच येते.

हा सराव मराठवाड्यातच करता येईल. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे, तेलंगणाच्या सीमेलगत, लाव्ह्याचे थर संपतात आणि त्यांच्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. प्रगत शिबिरांतले काही दिवस तिथे राखून ठेवा. आधी जमीनमालकाची आणि ग्रामपंचायतीची परवानगी घ्या, देवस्थानांचे खडक सोडा, भेग असेल तिथे बोल्ट ठोकू नका. पहिल्यांदा वरून दोर लावून चढवा, मग लीड, म्हणजे दोर खालून नेत पुढे चढणे, द्या. हिमालयात जाणाऱ्यांना शेवटी जाड बूट नि हातमोजे घालून तीच वाट पुन्हा चढायला लावा.

मोहिमेसाठी माणसे निवडताना दम आणि ओझे पेलण्याची ताकद आपण पाहतोच. यापुढे ग्रॅनाइटवरचा सरावही पाहा, आणि तो नसेल तर शिखराच्या यादीत नाव घालण्याआधी त्या आरोहकाला देगलूरला पाठवा.