कॉम्प्युटरची डिग्री घ्या, पण नाक्यावर उभं राहून



हिंगोलीची बॅच संपली आणि कनेरगाव नाक्याचा एक मुलगा मागे थांबला. बारावी झालेली, घरी कोरडवाहू शेती. म्हणाला, "सर, बीसीएच्या तीन वर्षांत पैसे घालू, की त्याच पैशात नाक्यावर ऑनलाइन सेंटर टाकू? आमच्याकडचा एक दादा डिग्रीशिवाय कमावतोय."

मी म्हटलं, "आधी तुझ्या गावाचं नाव लिही."

त्याने लिहिलं, कनेरगाव. मी खाली लिहिलं, कन्हेरगाव. दोन्ही लिहिलेलं सापडतं. हसला आणि म्हणाला, "एकच आहे की सर."

तुझ्यासाठी एकच आहे. एसटीच्या कंडक्टरसाठीही एकच. कॉम्प्युटर मात्र अक्षराला अक्षर लावून बघतो. त्याला वेगळं शिकवलं नसेल, तर त्याच्या लेखी ही दोन गावं झाली. माणसांच्या नावाचंही तेच. आधारवर एक, पासबुकावर दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं. मग अनुदान अडकतं आणि म्हातारी माणसं मजुरी बुडवून चकरा मारतात.

मित्रांनो, माहितीशास्त्र म्हणजे नेमकं हेच. त्याचे दोन भाग आहेत. माहिती साठवायची कशी, जुळवायची कशी, हा पहिला. त्या जुळवाजुळवीत माणसाचं काय होतं, हा दुसरा. आपली बरीच पोरं पहिला भाग पाठ करतात आणि दुसरा ऑप्शनला टाकतात. माझं मत स्पष्ट आहे: धंदा दुसऱ्या भागात आहे.

आपल्याच राज्यात बघा. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद करायची. विजय भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. त्यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने 1991 मध्ये परम 8000 हा सुपरकॉम्प्युटर बनवला, त्याचं कौतुक सगळ्यांना आहे. पण त्याच सी-डॅकने भारतीय लिपी कॉम्प्युटरवर आणायचंही मोठं काम केलं. आपल्या गल्ल्यावर रोज कामाला काय येतं? मराठी अक्षर!

आता सेंटरच्या गणिताकडे येऊ. फॉर्म भरून देणं हा आज चालणारा धंदा आहे, नाही म्हणत नाही. पण ई-पीक पाहणीसारखी कामं एकेक करून मोबाइलवर चालली आहेत. फक्त टायपिंग विकणाऱ्याचं गिऱ्हाईक हळूहळू घटणार. "सर्व्हर डाउन आहे, उद्या या" एवढंच सांगणाऱ्याचं तर नक्कीच. टिकणार तो, ज्याला काम कुठे अडकलं ते कळतं. आजीचं बोट मशीन घेत नसेल, तर आधारची ओळख डोळ्यांवरून, चेहऱ्यावरून किंवा ओटीपीनेही पटवता येते. त्या कामात यातला कुठला पर्याय चालतो, हे शोधून देणारा माणूस गावाला हवा आहे.

नुसती डिग्रीही भाकरी देत नाही, हेही ऐकून घ्या. तीन वर्षं नोट्स पाठ करून पुण्याला कॉल सेंटर शोधायचं असेल, तर पैसे वाचवा. सावकाराकडून व्याजाने फी भरायची असेल, तर थांबा; वर्षभर कमवा, मग प्रवेश घ्या. औंढा नागनाथजवळ लायगोचा मोठा प्रकल्प येतोय, केंद्राने 2023 मध्ये त्याला सुमारे 2,600 कोटींची मंजुरी दिली. अभिमान जरूर बाळगा, पण त्याच्या भरवशावर बसू नका. तुमचं पहिलं गिऱ्हाईक हळदीचा व्यापारी असेल, ज्याची उधारी आजही वहीत आहे.

म्हणून त्या मुलाला मी सांगितलं, दोन्ही कर. दिवसा कॉलेज, संध्याकाळी त्या दादाच्या सेंटरवर बस. आणि ही तीन कामं आजपासून धर:

1. प्रवेशाआधी चौकशी कर. 2024-25 पासून बीसीए एआयसीटीईच्या कक्षेत आलं आणि राज्यात त्यासाठी सीईटी सुरू झाली. बीएस्सी कॉम्प्युटरची वाट वेगळी असू शकते.

2. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत फील्ड प्रोजेक्टला जागा आहे. इंटरनेटवरून प्रोजेक्ट उचलू नको. नाक्यावर महिनाभर एक वही ठेव: कोणाचं काम अडलं, कशामुळे अडलं, कसं सुटलं. तोच तुझा प्रोजेक्ट आणि तोच तुझा मार्केट सर्व्हे.

3. लोकांच्या कागदांना स्वतःच्या घरच्या कागदांसारखं जप. काम झालं की आधारचा फोटो मोबाइलमधून डिलीट. 2023 मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा आला आहे. पण कायदा राहू द्या, गावात एकदा विश्वास गेला की दुकानाचं शटर खाली आलंच म्हणून समजा.

जाताना तो पोरगा म्हणाला, "सर, उद्यापासून वही घालतो."

तुम्ही कधी घालताय?