गच्चीवरची डिश

चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी दोन पावसाळे एकच गोष्ट सांगितली. "अगं, तुमच्या डिशखालून माझ्या खोलीत पाणी येतंय." आणि आम्ही दोन पावसाळे एकच उत्तर दिलं, "डिशचं नाही काकू, पाण्याच्या टाकीचं असेल." खोटं बोलायचं म्हणून नव्हे, आम्हाला खरंच तसं वाटत होतं. शिवाय टाकी सगळ्यांची, डिश आमची, हाही हिशेब मनात होताच. पुढेपुढे जिन्यात भेट झाली तर काकू फक्त मान हलवायच्या. ईदचा शीरखुर्मा द्यायला गेले, तर डबा दारातच घेतला आणि धुऊन दारातच परत केला. ते मला पाण्याच्या डागापेक्षा जास्त लागलं.

आमची इमारत मार्केट यार्डाच्या गुलटेकडीकडच्या अंगाला आहे. पहाटे ट्रकचे आवाज, दुपारी मिरचीचा ठसका, हे आम्हा सगळ्यांचं वाटून घेतलेलं. गच्चीही तशीच. कपडे, पापड, पतंग आणि डिश. परवा मोजल्या, एकूण ११ छत्र्या निघाल्या. चालू किती, तर ३.

आमची डिश सासूबाईंच्या हट्टाने बसली होती. त्याआधी केबल होती आणि त्याच्याही आधी माशाच्या काट्यासारखी अँटेना. अब्बा अजून सांगतात, १९७३ साली सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यात मुंबईचं दूरदर्शन दिसू लागलं, तेव्हा शेजारच्या घरात खिडकीतून टीव्ही पाहायला गर्दी व्हायची. डिश आल्यावर गर्दी आमच्याकडे. २ एप्रिल २०११ च्या विश्वचषकाच्या फायनलला आमच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सासूबाईंना क्रिकेट कळत नव्हतं, पण आपल्या श्रीरामपूरचा जहीर खान बॉल टाकायला आला की त्या तसबीह थांबवून बघायच्या. पावसाळ्यात मात्र ऐन वेळी पडदा निळा व्हायचा. या छोट्या छत्र्यांना येणाऱ्या लहरी जोरदार पावसात अडतात, म्हणून. ती डिशची खोड नव्हती.

सासूबाई गेल्या. मग २०१९ च्या फेब्रुवारीत चॅनेल निवडून पैसे भरायची नवी पद्धत आली, आणि कोणतं घ्यावं, कोणतं सोडावं या घोळात आमचं रिचार्ज राहूनच गेलं. घरात वायफाय आलं. डिश वर राहिली. काढायची कशाला, खाते का पिते? असंच सगळ्यांचं असतं बहुतेक.

ती काही खात नव्हती, पण स्लॅब खात होती. हे आम्हाला यंदा कळलं. बसवणाऱ्या मुलाने तेव्हा स्लॅबला चार भोकं पाडून बोल्ट ठोकले होते आणि भोवती काहीच भरलं नव्हतं. वाऱ्यात डिश शिडासारखी ओढ खाते. वर्षानुवर्षं ती बारीक हलत राहिली की भोक सैल होतं, पाणी उतरतं, बोल्ट गंजतो. गंजलेलं लोखंड फुगतं आणि भोवतीच्या काँक्रीटला तडा देतं. मग पाण्याला वाटच मोकळी. आणि ते पाणी सरळ खाली पडत नाही, स्लॅबच्या आतून सरकत कुठेतरी तिसरीकडेच टपकतं. म्हणून तर आम्हाला टाकीचा संशय घेता आला.

पावसाच्या आत डिश काढायची ठरली. थोरला म्हणाला, "पाना द्या, दहा मिनिटांचं काम." मी म्हटलं, एकट्याने नाही. आमची डिश कठड्याला लागून, खाली बोळ, बोळात पोरं. ह्यांच्या गाळ्यावर पोती वाहणारे एक चाचा आहेत, बीडकडचे. त्यांना बोलावलं. त्यांनी आधी सुंभाचा दोर छत्रीच्या मागच्या पट्टीला बांधला, दुसरं टोक टाकीच्या पायाच्या लोखंडाला. "आधी बांधायचं, मग सोडायचं, भाबी. पोतं असो का ही तुमची परात." शेवटचा नट सुटल्यावर छत्री वाऱ्याने कशी उसळली ते पाहिलं तेव्हा त्या दोराची किंमत समजली.

बाकी काम सांगते, कुणाला उपयोग होईल. खालच्या सेट-टॉप बॉक्सचं बटण आधी बंद करा, कारण त्या काळ्या तारेतून वर थोडी वीज जात असते. जवळून विजेची तार जात असेल तर लोखंडी खांबाला हातच लावू नका, वायरमनला बोलवा. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. आमचे दोन तेलाने सुटले, दोन ग्राइंडरने कापावे लागले. ठिणग्या उडतात, वाळत घातलेले कपडे आणि पालापाचोळा आधी उचला, डोळ्यांना चष्मा लावा. काम सकाळीच करा, उन्हात पत्रा हाताला चटके देतो. आणि छत्रीमागे कबुतराचं घरटं आहे का बघा. आमच्या डिशमागे होतं, पण रिकामं. पिलं असती तर चाचा म्हणाले तसं पंधरा दिवस थांबलो असतो.

पत्र्याचं घर असेल तर पत्र्यावर चढूच नका. फळी टाकून, तिचा भार खालच्या वाशांवर येईल असं बघून माणूस चढतो, तोही सवयीचा.

पट्टी निघाली आणि खाली ओल दिसली. बोटाने माती निघावी तसं सिमेंट निघालं. थोरला गप्प झाला, मीही. बहुतेक लोक इथे बोल्ट वरून कापून सोडून देतात. तसं केलं तर आतला तुकडा गंजतच राहतो. गवंड्याने भोवती छिनीने उकरून बोल्ट खोलवर कापले, सैल काँक्रीट काढलं, धूळ झटकली, वॉटरप्रूफिंगचं रसायन घातलेला माल दाबून भरला, आणि तिथे पाणी साचू नये म्हणून किंचित उंचवटा ठेवला. तार जिथून भिंतीत शिरत होती ते भोकही बुजवलं. हे भोक हमखास विसरतं. माल सुकल्यावर मातीचा बांध घालून तिथे दोन दिवस पाणी साठवून ठेवलं.

मधल्या वेळात एक गंमत. गावाहून आलेले पाहुणे गच्चीवर नमाजला गेले आणि सगळ्या छत्र्या एकाच दिशेला बघून त्यांनी तिकडेच तोंड केलं! धाकट्याने धावत जाऊन सांगितलं, चाचा, किब्ला इकडे, मावळतीला. डिश बघतात ते उपग्रह विषुववृत्तावर, ३६ हजार किलोमीटर उंच. पुण्यातून आमच्या या डिशला आग्नेयेकडे बघावं लागतं. पाहुण्यांनी नमाज पुन्हा पढली.

डिशचं काय करायचं? भंगारवाला पत्र्याच्या भावात घेतो. त्याआधी ती आपली आहे की कंपनीची, हे जुन्या पावतीत बघा. आमची होती. चाचांनीच विचारलं, "गावाकडं घेऊन जाऊ का?" दूरदर्शनच्या फ्री डिशला अशीच साठ सेंटीमीटरची छत्री चालते, बॉक्स एकदा विकत घ्यायचा, महिन्याचे पैसे नाहीत. फक्त छत्री त्या उपग्रहाकडे नीट वळवावी लागते. खाटेवर पडून असलेल्या आईसाठी त्यांना हवी होती. दोरासकट दिली. बंद पडलेला बॉक्स मात्र ओल्या कचऱ्यात टाकू नका, तो ई-कचऱ्यातच द्यायचा.

काकूंकडे मी स्वतः गेले. म्हटलं, "काकू, पाणी आमच्याच डिशचं होतं." त्यांनी लगेच काही म्हटलं नाही. मग आत बोलावलं, छत दाखवलं. दोन दिवस वर पाणी उभं होतं, तरी पलंगावरचा डाग कोरडा होता. रंगाचे पैसे आम्ही देणार हे मी सांगितलं; त्या नको म्हणाल्या, मी पुन्हा सांगितलं.

पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा काकूंचा फोन आला. पलंगावर एक थेंब नाही. पण कपाटाच्या कोपऱ्यात, जिथे आजवर कुणाचं लक्ष नव्हतं, तिथे ओल आहे. मी वर जाऊन पाहिलं. त्या जागेच्या थोडं वरच्या अंगाला दुसऱ्या मजल्यावरच्या भाभींची डिश आहे, बंद पडलेली. भाभी म्हणतात, टाकीचं असेल.