पहिल्या प्याल्यापूर्वीं

राम गणेश गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ १९१९ सालीं रंगभूमीवर आलें, तेव्हांपासून महाराष्ट्रानें व्यसनाची एक कथा मनाशीं पक्की करून ठेविली आहे. मानी सुधाकराचा न्यायालयांत अपमान होतो, तळीराम त्याच्यापुढें प्याला धरितो, आणि सोन्यासारखा संसार बुडतो. नाटकाविषयीं आमची तक्रार नाहीं. नायकाचें बालपण दाखविण्यास नाटककार बांधलेला नसतो. आमची तक्रार आहे ती प्रेक्षकांविषयीं. नाटकाचा आरंभ तोच व्यसनाचाही आरंभ, असें त्यांनीं मानिलें, आणि शंभर वर्षें सारा पहारा प्याल्यावरच बसविला. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा घ्या, किंवा चंद्रपूर जिल्ह्यांत २०१५ सालीं घातलेली व २०२१ सालीं उठविलेली बंदी घ्या. वाद झाला तो बाटलीचा. ती बाटली ज्या हातांत गेली, तो हात सात वर्षांचा असतांना काय करीत होता, हें कोणीं विचारिलें?

विचारणारे परदेशांत निघाले. अमेरिकेंतील सेंट लुई शहरीं, लहानपणीं बालमार्गदर्शन-चिकित्सालयांत आणिलेल्या ५२४ मुलांचा ली रॉबिन्स या विदुषीनें तीस वर्षांनंतर शोध घेतला, व १९६६ सालीं आपले निष्कर्ष ग्रंथरूपानें मांडिले. चोऱ्या, मारामाऱ्या, शाळा चुकविणें यांकरितां जीं मुलें आणिलीं होतीं, त्यांच्यांत मोठेपणीं मद्यासक्ति विशेष आढळली. केवळ भित्रीं वा लाजाळू म्हणून आणिलेल्यांत तसें दिसलें नाहीं. न्यूझीलंडांतील ड्युनेडिन येथें १९७२-७३ सालीं जन्मलेल्या १०३७ मुलांचें आयुष्य संशोधक अद्याप निरखीत आहेत. बालपणीं ज्यांना स्वतःस आवरतां येत नव्हतें, त्यांच्यांत बत्तिसाव्या वर्षीं व्यसनाधीनता अधिक होती. बुद्धि व घरची सांपत्तिक स्थिति हिशेबांत धरूनही हा संबंध टिकला, असें २०११ सालीं प्रसिद्ध झालें.

म्हणजे ज्या मुलावर शाळेचा सर्वांत अधिक राग, तेंच सर्वांत अधिक धोक्यांत! आणि आम्ही त्याचें काय करितों? त्याला ‘द्वाड’ म्हणतों, शेवटच्या बाकावर बसवितों, वर्गाबाहेर उभें करितों. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें देहदंड व मानसिक छळ दोन्ही निषिद्ध केले. पण छडीचा वळ दिसतो, टोमण्याचा दिसत नाहीं. दांडगाईच्या आड पुष्कळदा खिन्नता दडलेली असते, हें तर आमच्या गांवींही नसतें. शिक्षकांनीं टाकलेल्या मुलास सोबतीही टाकितात, आणि मग तें आपल्यासारख्याच टाकलेल्यांत जाऊन बसतें. पुढें आम्हीच ‘वाईट संगत लागली’ म्हणून कपाळाला हात लावितों. तळीराम आकाशांतून पडत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, ‘मग काय प्रत्येक खोडकर पोराच्या कपाळीं भावी दारुड्याचा शिक्का मारावयाचा?’ मुळींच नाहीं. अशीं बहुतेक मुलें पुढें व्यसनी होत नाहींत. धोका म्हणजे प्राक्तन नव्हे. शिक्क्यावांचून काम होतें, हें बाल्टिमोर शहरानें दाखविलें. तेथील कांहीं शाळांत १९८५ सालीं पहिलीच्या वर्गांत एक साधा खेळ सुरू झाला. शांत व दंगेखोर मुलांचे मिश्र गट पाडीत, आणि नियम पाळणाऱ्या प्रत्येक गटास बक्षीस मिळे. कोणाची वेगळी रांग नाहीं, कोणाची नालस्ती नाहीं. हीं मुलें एकोणीस ते एकवीस वर्षांचीं झालीं, तेव्हां हा खेळ न खेळलेल्या वर्गांतील मुलग्यांपेक्षां यांतील मुलग्यांत मादक द्रव्यांचें व्यसन कमी आढळलें. आणि पहिलींत जे अधिक मारकुटे होते, त्यांनाच अधिक लाभ झाला.

आमच्याकडे मात्र दरवर्षीं २६ जूनला मोठ्या मुलांना रांगेंत उभें करून व्यसनमुक्तीची शपथ देववितात. शपथेस आमचा विरोध नाहीं. परंतु त्या रांगेंत जो नाहीं, ज्यानें शाळा केव्हांच सोडिली, त्याच्यासाठीं आम्ही तो पहिलींत असतांना काय केलें, या प्रश्नाचें उत्तर आधीं द्यावें, आणि मग बाटलीला दोष द्यावा.